दोन पट्ट्या वर

माणसाच्या कानात जन्मतःच एक कीबोर्ड बसवलेला असतो, ही गोष्ट मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितली नव्हती. याचा मला अजून राग आहे. तीस वर्षं मी कीबोर्ड वाजवला, मुंबईच्या स्टुडिओंमध्ये सिंथेसायझरवर नवेनवे आवाज घडवले, मग गावाकडे परत येऊन तंत्रनिकेतनात पोरांना संगीताचं तंत्र शिकवलं. आणि आपल्याच डोक्यात काय बसवलंय त्याचा पत्ता नाही. शिकवणाऱ्या बाईची ही तऱ्हा, मग शिकणाऱ्यांना काय बोलायचं?

मी वैजयंता घस्ते, जयसिंगपूरची. माझं सगळं शिक्षण सुरू झालं ते रस्त्यावर, बेंजो पार्टीत. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. त्याचा आवाज विजेवर वाढवून ट्रकवरच्या स्पीकरच्या भिंतीतून काढायचा, शेजारी कीबोर्ड, पॅड, ट्रंपेट, ताशा, आणि वरात पुढं सरकत राहायची. आमच्या पार्टीचे मालक आणि बेंजोवाले रावसाहेब भंडारे. आईच्या माहेरच्या गल्लीतले, म्हणून माझे मामा. तेरा वर्षांच्या पोरीला वरातीत उभी करतोस म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली. मामांनी फक्त कीबोर्डचा स्टँड माझ्या उंचीला खाली केला.

आम्हा कीबोर्डवाल्यांचं एक गुपित आहे. आमच्यातल्या निम्म्यांची बोटं एकाच पट्टीत नीट चालतात. गायक खालच्या किंवा वरच्या सुरात गाणारा निघाला की आम्ही ट्रान्सपोजचं बटण दाबतो. बोटं जिथल्या तिथं राहतात, आवाज तेवढा खाली-वर सरकतो. सोय झकास, पण गाणं संपल्यावर बटण शून्यावर आणायला विसरलात तर पुढच्या गाण्यात अब्रू गेलीच म्हणून समजा. मामांनी मला उभ्या आयुष्यात एकदाच टपली मारली ती यासाठी. शिरोळच्या वरातीत माझा कीबोर्ड एका पट्टीत आणि अख्खी पार्टी दुसऱ्या पट्टीत. नवरदेवाचा घोडासुद्धा बुजला होता.

पंचवीस वर्षं त्या स्पीकरच्या भिंतीपुढं उभं राहून मामांचे कान गेले. माझा डावा कान अजून शिट्टी वाजवतो, तेवढ्यावर माझं भागलं. मामांना बावन्नाव्या वर्षी ठार ऐकू येईनासं झालं. एक वरात संपली, स्पीकर बंद झाले, आणि मामा बराच वेळ वाट बघत राहिले की लोक बोलायला कधी लागतात.

त्यानंतर एकोणीस वर्षं कलावतीमामी त्यांच्याशी पाटीवर बोलल्या. बोललेलं लिहून दाखवणारे फोन होते की, पण मामींची बोली त्या फोनला काही केल्या झेपेना. त्या म्हणायच्या एक, तो लिहायचा भलतंच, आणि मामा तोंडाकडे बघत बसायचे. शेवटी पाटी-पेन्सिलच बरी. मामींचं शिक्षण चौथीपर्यंत. पाणी, गोळी, पोरगी येणार, लाइट गेली. जेवढं लिहिता येई तेवढंच नवऱ्याशी बोलणं. बाकीचं त्या तोंडानं बोलत, मामांच्या समोरच, पण ते त्यांच्यासाठी नसे.

तर तो कानातला कीबोर्ड. तो मला डॉक्टर तेजस्विनी मगदूम यांनी दाखवला. या बाई कानाच्या सर्जन. एक दिवस त्या सरळ माझ्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, आवाज घडवणारं माणूस हवंय, डॉक्टर नकोत. मग त्यांनी फळ्यावर शंख काढला. कानाच्या आत खोल अशी एक गुंडाळलेली नळी असते. उलगडून सरळ केली तर लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. तिच्या दाराशी बारीक, टिपेच्या सुरांच्या जागा, आणि आत आत जावं तसा खर्ज. प्रत्येक सुराला त्याची जागा, रांगेत, क्रमानं. एवढ्याशा जागेत सगळी सप्तकं आणि वर माणसांचे आवाज. मी खडू हातात घेऊन त्या चित्राकडे बघतच राहिले. 

बहिरेपणात बहुतेक वेळा या कीबोर्डच्या पट्ट्या मोडतात, पण त्यांच्यापासून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू पुष्कळदा शाबूत असतात. जुन्या यंत्रात त्यांना विजेचा झटका देत. वीज नळीतल्या पाण्यात पसरते, त्यामुळे एक सूर लावायला जावं तर आजूबाजूचे दहा वाजतात. अख्खा पंजा कीबोर्डवर ठेवल्यासारखं. बोलणं समजायचं, पण गाणं म्हणजे भांडी पडल्याचा आवाज. नव्या यंत्रात वीज नाही, उजेड आहे. उजेडाकडे वळणाऱ्या एका पाणशेवाळातलं जनुक घेतात, निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून त्या मज्जातंतूंत पोचवतात, आणि मग ते तंतू उजेड पडला की जागे होतात. नळीत एक बारीक फीत सरकवायची, तिच्यावर तीनशे वीस दिवे. उजेड विजेसारखा पसरत नाही. एक दिवा, एक सूर. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. आमच्या भागात सगळे त्याला दिव्याचा कान म्हणतात.

अडचण एकच होती. कुठला दिवा कुठल्या सुराला जोडायचा? प्रत्येकाची नळी लहानमोठी. संगणक अंदाज बांधायचा, बोलणं स्वच्छ ऐकू यायचं, पण गाणं ऐकताना माणसं तोंड वाकडं करायची. सूर लावायचं काम डॉक्टरांचं नव्हे. त्याला सुरात मुरलेला, एक एक आवाज हातानं घडवलेला माणूस हवा. मी कीबोर्ड त्या यंत्राला जोडला. एक पट्टी दाबायची, यंत्राला कळतं की बाहेर अमुक सूर वाजला. मग बटण फिरवत दिवा पुढं-मागं सरकवायचा, आणि आतल्या माणसाला तो सूर त्याच्या आठवणीतल्या जागी बसला असं वाटलं की त्यानं बोट वर करायचं. या कामाला आम्ही श्रवणजुळणी नाव दिलं, तंत्रनिकेतनात त्याचा वर्ग सुरू केला. मामांच्या आधी मी अकरा कान जुळवले होते. बारावा त्यांचा.

त्या दिवशी सकाळी तंत्रनिकेतनात पोरांचा कार्यक्रम होता. तो संपवून तोच कीबोर्ड काखेत मारून मी मिरजेला इस्पितळात पोचले. मामा खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. मी पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, दाबली आणि दिवा सरकवायला लागले. मामा डोळे मिटून पुढं झुकले. एकोणीस वर्षं त्या डोक्यात बाहेरून एक सूर गेला नव्हता. पण त्याआधी पंचवीस वर्षं लावलेली पट्टी तिथं तशीच होती. दिवा सरकत सरकत एका जागी आला आणि मामांचं बोट टक्कन वर झालं. मी मुद्दाम पुढं सरकवला, बोट खाली. मागं आणला, बोट वर.  त्यांच्या मेंदूनं तो सूर कुठं जपून ठेवला होता, कोण जाणे.

चार तास लागले. मग डॉक्टरांनी यंत्र बाहेरच्या जगाला उघडलं. आधी मामांनी पंख्याकडे बघितलं. मग व्हरांड्यातून एक गाडा गेला तसं म्हणाले की त्या चाकाला तेल पाहिजे, काळी चारमध्ये रडतंय. आम्ही हसलो. मामी पदराशी चाळा करत उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "येतंय का ऐकू?"

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कला, तुझा आवाज जसाच्या तसा हाय. कायसुदिक बदललं न्हाई."

मामी लाजल्या, आणि मग जराशा गोंधळल्या. ते मला दिसलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मी व्हरांड्यात जाऊन रडले. त्यात काय लाजायचं? शेवाळातला एक कण, चिमूटभर उजेड, आणि एक माणूस आपल्या बायकोला ऐकतोय. देव असेल तर त्यानंही हे वाकून बघितलं असेल.

पुढचे दोन महिने मामा नुसते ऐकत होते. भात शिजताना, नळ गळताना, शेजारच्या गच्चीवर सतरंजी झटकताना. मामींना समोर बसवून पेपर वाचायला लावायचे आणि बातमी कसली आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. लेक शैला फोनवर बोलली तर म्हणाले, पोरीचा आवाज बारीक झालाय. मला म्हणाले, वैजे, तू अजून तेरा वर्षांचीच वाटतीस. मला वाटलं, म्हातारा खुशीत आहे, थट्टा करतोय.

मग त्यांनी जुन्या पार्टीला गोळा केलं. रविवारी दुपारी तालमीच्या हॉलमध्ये चौघं-पाचजण जमले, सगळे साठी-सत्तरीचे, आणि मी. मामांनी घरीच बेंजोला नव्या तारा चढवून सूर लावून आणला होता, पूर्वीसारखा कुणाच्या मदतीशिवाय, डोक्यातल्या पट्टीवरून. बशीरचाचांनी ट्रंपेट तोंडाला लावला, मामांनी बेंजो छेडला, आणि पहिल्याच ओळीला सगळे थांबले. ट्रंपेट एकीकडे, बेंजो दुसरीकडे. मामा म्हणाले, बशीर, तुझा ट्रंपेट चढलाय. बशीरचाचांनी फोनवर सूर तपासून दाखवला. बेंजो पांढरी एकला नव्हता, काळी पाचला होता. मामा म्हणाले, फोनला काय कळतंय. पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा तेच. मग कुणीतरी समजुतीच्या सुरात बोललं की मशीनचा कान आहे, एवढं-तेवढं चालायचंच. ज्यानं पंचवीस वर्षं सगळ्या पार्टीला पट्टी दिली त्या माणसाला हे ऐकावं लागलं.  मामांनी बेंजोवर कापड टाकलं आणि चपला घातल्या.

 पांढरी एक आणि काळी पाच. काळी पाच म्हणजे तिच्या बरोब्बर दोन पट्ट्या खाली. कान बिघडला असता तर फरक वेडावाकडा असता, असा मोजून-मापून नसता. मी स्कूटर काढली, तंत्रनिकेतनाचं कपाट उघडलं आणि त्या दिवसापासून बंदच असलेला कीबोर्ड चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता, उणे दोन.

त्या सकाळच्या कार्यक्रमात खालच्या सुरात गाणाऱ्या एका मुलासाठी मी ट्रान्सपोज उणे दोन केला होता. या कीबोर्डला बंद केल्यावरही ते लक्षात राहतं. इस्पितळात कीबोर्डचा सूर तारेनं थेट यंत्रात जात होता, बाहेर काही वाजत नव्हतं; मी पांढरी एक दाबत होते आणि यंत्राला काळी पाच पोचत होती. मामांनी त्यांच्या आठवणीतल्या पांढरी एकच्या जागेला बोट वर केलं, आणि यंत्रानं तिथं काळी पाच बांधून टाकली. त्या दिवसापासून मामांना सगळं जग दोन पट्ट्या वर ऐकू येत होतं. चाक, नळ, शैला, मी. आणि मामी. वयानं बाईचा आवाज खाली उतरतो. एकोणीस वर्षांत मामींचा जेवढा उतरला होता, तेवढाच माझ्या चुकीनं वर ढकलला गेला होता. म्हणून तो मामांना जसाच्या तसा वाटला.

खरं सांगते, तासभर मी गप्प बसायचा विचार केला. श्रवणजुळणीच्या वर्गाला अजून वर्ष झालं नव्हतं, आणि डॉक्टर नसलेल्यांच्या हातात कान कसले देता म्हणणारे टपून बसले होते. मग डॉक्टर मगदूमना फोन लावला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, सगळे दिवे एकदम दोन घरं सरकवायचे, दहा मिनिटांचं काम. पण लवकर. मेंदू या चुकीला घर करून देतोय, सहा महिन्यांनी तो हलायचा नाही. आणि झालेल्या चुकीचा कागद तुमच्या सहीनं भरावा लागेल. भरते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या घरी गेले. मामा बाहेरच्या खोलीत बेंजोच्या तारा उतरवत बसले होते. मी स्वयंपाकघरात गेले. मामी गवार निवडत होत्या. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. मामींचा हात थांबलासुद्धा नाही.

"मला पयल्याच दिवशी कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "नातवाच्या बारशाच्या व्हिडिओत ऐकलाय की मी माझा आवाज. घोगरी म्हातारी बोलतीया त्यात. त्यो कसा जसाच्या तसा असंल?"

मग शेंगांचे देठ मोडता मोडता त्या पुढचं बोलायला लागल्या. त्यांना सांगायला जड जात होतं, तरी त्यांनी सांगितलं. दोन महिने हा माणूस त्यांच्या तोंडाकडे कसा बघतो, स्वयंपाक करताना मागं येऊन कसा बसतो, काहीतरी बोल म्हणून कसा मागं लागतो. लग्न झाल्यावरसुद्धा एवढं कौतुक झालं नव्हतं. आता दिवे सरकवले की त्याला ती म्हातारी ऐकू येणार.

"नगं सरकवू, वैजू," त्या म्हणाल्या. "बेंजोचं काय, न्हाई वाजवला तर न्हाई. एवढं माझ्यापायी ऱ्हाऊ दे."

 तेवढ्यात दारात मामा दिसले. आम्ही दोघी बाया चांगल्या मोकळ्या आवाजात बोलत होतो. एकोणीस वर्षांची सवय. मामांना ऐकू येतं, हे आम्हा दोघींनाही आठवलं नाही. मीच तो कान जुळवला आणि मीच विसरले.

मामा माझ्यापुढं आले. बटण शून्यावर आणलं नव्हतंस, असं एवढंच म्हणाले. मला वर बघवेना. टपली मिळाली असती तर बरं झालं असतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते मामींसमोर खाली बसले.

"मग तू बोलतीस कशी?" त्यांनी विचारलं.

मामींनी ओठ घट्ट मिटले. त्यानंतर इस्पितळात जायच्या दिवसापर्यंत, चार दिवस, त्या मामांपुढं एक शब्द बोलल्या नाहीत. शैलानं नंतर मला सांगितलं की घर पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं, मामा ऐकायला तयार आणि मामी मुक्या. मामांनी जोर केला नाही. पण चुकीच्या पट्टीत आपण वाजवायचं नाही, हे मात्र त्यांनी ठणकावून सांगितलं. मीही तेवढ्यात माझा कागद भरून दिला. चौकशी झाली, बोलणी खाल्ली. वर्ग वाचला. आता जुळणीच्या आधी दोघांनी शून्य बघून सही करायची असा नियम आहे, आणि पोरं त्याला माझ्या पाठीमागे माझंच नाव देतात.

त्या दिवशी मी कीबोर्डचा आकडा चारदा बघितला. डॉक्टरांनी दिवे दोन घरं सरकवले. मी पांढरी एक दाबली, मामांनी मान हलवली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, वैजे, तू मोठी झालीस की गं. माझा खराखुरा आवाज त्यांनी एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकला होता.

मग सगळे मामींकडे बघायला लागले. मामी खिडकीपाशी उभ्या होत्या, पदर तोंडावर. मामांनी बोल म्हटलं नाही. नुसते वाट बघत बसले. शेवटी मामीच वैतागल्या. पदर खाली करून म्हणाल्या, "झालं का समाधान? ऐका आता म्हातारीला."

मी मामांचं तोंड बघत होते. भुवया आधी वर गेल्या. मग ते पुढं झुकले, पहिल्या दिवशी पांढरी एक शोधताना झुकले होते त्याहून जास्त. त्यांनी परत बोल अशी खूण केली. मामी काहीतरी पुटपुटल्या, गोळीची वेळ झाली असं काहीतरी. आवाज जाडा होता, मध्ये मध्ये चिरत होता, कडेला खरखर होती. मामा तो शब्दाशब्दाला निरखत होते. नवं वाद्य हातात आलं की आम्ही असेच बसतो.

"ह्यो आवाज मी कंदी ऐकलाच न्हाई," ते म्हणाले. "ह्येला येवढं काय काय झालं गं?"

मामी म्हणाल्या, व्हायचंय काय, वय झालं.

"वय माझंबी झालं. ह्ये मी नसताना झालंय." मामांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते. "मला सांग. पयल्यापासनं सांग."

मामींनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर मगदूमनी दार लोटून घेतलं आणि बाहेर थांबलेल्या पेशंटना थोडा वेळ लागेल असं कळवलं. मामींनी स्टूल ओढलं आणि मामांच्या पुढ्यात बसल्या.  तोंड उघडलं, मिटलं, आणि मग एकदम बोलायला लागल्या.

"तुमचं कान गेल्यालं मला कळलं, त्या सकाळी तुमी परड्यात तोंड धुवत हुता. मी तुमच्या पाठीमागं हुबी राहिले आन् तुमचं नाव घिऊन हाक मारली. लगीन झाल्यापासनं पयल्यांदा. म्हटलं, ऐकू आलं तर रागानं तरी वळून बघतील." त्या थांबल्या. "तुमी न्हाई बघितलं. मग मी सारखी हाक मारत राहिले."

मामा म्हणाले, "कशी मारली हुतीस?"

मामी जराशा घुटमळल्या. त्यांच्या पिढीत नवऱ्याचं नाव असं चारचौघांत घेत नाहीत. मग त्यांनी मान वर केली आणि त्या जाड्या, चिरक्या आवाजात, जरा मोठ्यानं, हाक मारली.

"रावसाहेब."

एकोणीस वर्षांनी मामांनी ओ दिली.